जखमी मासोळीची नक्कल

माझ्या टेबलावर, ग. त्र्यं. देशपांडे यांच्या 'भारतीय साहित्यशास्त्रा'ला टेकून, गेले काही महिने एक मासोळी उभी आहे. बोटाएवढी लांब, पाठीला काळसर, कुशीला रुपेरी. डोळ्याच्या जागी एक गोल ठिपका. हनुवटीखाली पारदर्शक प्लास्टिकची जिभली. पोटाखाली आणि शेपटीशी दोन बारीक कड्या आहेत. त्या कड्यांत जे असायला हवे ते आता नाही. ते का नाही, हे स्वतःलाच नीट सांगून पाहावे म्हणून हे लिहितो आहे.

ती मला दिली एका जुन्या विद्यार्थ्याने. तो शिराळा तालुक्यातलाच. मराठी घेऊन बी. ए. झाला, मग वाट बदलून संगणकाकडे वळला, आणि आता अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, ऑरेगन राज्यात असतो. तिथे त्याला मासेमारीचा नाद लागला असे तो म्हणतो. मला ते तितकेसे खरे वाटत नाही. नाद त्याला मोरणेच्या काठीच लागलेला होता. तिकडे फक्त हत्यारे बदलली. त्याच्या पत्रांत घरच्यांपेक्षा 'स्टीलहेड' नावाच्या माशाचाच मजकूर अधिक असे.

स्टीलहेड म्हणजे मुळात रेनबो ट्राउटच. एकाच ओढ्यात जन्मलेल्या पिल्लांपैकी काही आयुष्यभर गोड्या पाण्यात राहतात, काही समुद्राकडे निघून जातात. गेलेली तिथे वाढतात, पोलादासारखी निळसर-रुपेरी होतात आणि एक-दोन-तीन वर्षांनी अंडी घालण्यासाठी बहुधा जन्माच्याच नदीत परत येतात. त्या किनाऱ्यावरचे सामन मासे अंडी घालून झाली की मरतात; स्टीलहेडपैकी काही मात्र पुन्हा समुद्र गाठतात आणि पुन्हा एकदा वर येतात. वर चढत असताना हा मासा फारसे काही खात नाही. तरीही डोळ्यांसमोरून हेलकावत जाणाऱ्या बनावट मासोळीवर तो झडप घालतो. विद्यार्थ्याने लिहिले होते, 'सर, तो भुकेने येत नाही. कुणी म्हणतं चिडून येतो, कुणी म्हणतं लहानपणी ओढ्यात खाल्लेलं त्याला आठवतं. नक्की कुणालाच सांगता येत नाही.' देश सोडून गेलेल्या माणसाला नेमका हाच मासा का आवडावा, हे मी त्याला कधी विचारले नाही.

आमच्याकडे समुद्रातून मासा येत नाही. वारणा प्रचितगडाच्या बाजूच्या डोंगरात उगम पावते, चांदोलीच्या धरणात अडते, तिथून सुटून सांगली आणि कोल्हापूर या दोन जिल्ह्यांच्या मधून वाहत हरिपूरला कृष्णेला मिळते. शिराळ्याची मोरणा पुढे वारणेतच जाते. समुद्र या नद्यांच्या उशाला, सह्याद्रीच्या पलीकडे, अगदी जवळ आहे. पण पाणी पाठ फिरवून पूर्वेला निघते आणि अख्खे दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळते. तरी 'चढण' आमच्याकडे आहे. मृगाचा पहिला दांडगा पाऊस झाला, ओढे गढूळ होऊन फुगले, की नदीतले मासे प्रवाहाच्या उलट वर निघतात. ओढ्यांतून, चरांतून, कधी थेट भाताच्या खाचरांत. कोकणात याला वलगण म्हणतात, आमच्याकडे चढणीचे मासे. ते चढतात अंडी घालायला. आणि त्याच दिवसांत त्यांना धरणे सर्वांत सोपे असते, कारण वीतभर पाण्यात मासा लपणार कुठे? गळ लागत नाही, आमिष लागत नाही. काठी पुरते.

मी दहा वर्षांचा असेन. ओढ्याच्या वळणावर आम्ही पोरे काठ्या घेऊन उभे होतो. पाण्यातून एक कोळशी उसळत वर आली, दीड वीत लांब, आणि मी मारली. माझ्या हाताने मारलेला तो पहिला मासा. धावत घरी नेली. आजीने विळीवर धरून तिचे पोट फाडले आणि थांबली. आतून पिवळसर गाभोळीच्या दोन लांब पट्ट्या निघाल्या. त्या तळहातावर घेऊन ती म्हणाली, "पोटुशी मारलीस व्हय रं?"

ही गोष्ट मी आजवर अनेकदा सांगितली आहे. वर्गात, चर्चासत्रात, एकदा दिवाळी अंकातल्या कथेतही. दर वेळी आजीच्या त्या वाक्यावर थांबलो आहे आणि दर वेळी ऐकणारे गप्प झाले आहेत. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

विद्यार्थ्याने एकदा विचारले होते, 'सर, आपल्याकडे गळाने मासे धरण्यावर कुणी लिहिलं आहे का?' मी सवयीने आधुनिक साहित्यात शोधू लागलो. वारणेचे खोरे अण्णाभाऊ साठ्यांनी कादंबरीत आणले, पण त्यांचा माणूस नदीकाठी बसून राहायला मोकळा नव्हता. मासोळी संतांच्या अभंगांत आहे. मात्र ती पाण्याबाहेर तळमळणारी, विरहाची. भाषेत मात्र गळ सगळीकडे पडलेला दिसतो. माणूस गळाला लागतो. आपण कुणासाठी गळ टाकून बसतो. आणि फार आग्रह करायचा तर गळ घालतो. व्युत्पत्ती काहीही असो, प्रेमाचा आग्रह आणि माशाचा काटा मराठीत एकाच ध्वनीत राहतात.

उत्तर शेवटी मिळाले ते फार मागे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास', शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमाराचा. राजाच्या करमणुकींत त्याने 'मत्स्यविनोद' घातला आहे: कोणता मासा कुठल्या पाण्यात राहतो, कुणाला कसले आमिष रुचते, दोर आणि काठी कशी असावी. मराठीच्या विद्यार्थ्याला हा ग्रंथ दुसऱ्याच कारणाने ठाऊक असतो. त्याच्या गीतांच्या भागात मराठीच्या अगदी जुन्या नमुन्यांत गणल्या जाणाऱ्या ओळी आहेत, आणि त्या दशावतारांच्या आहेत. म्हणजे त्यांचा आरंभ मत्स्यावताराने होतो. एकाच पोथीत मासा वेद तारून आणतो आणि एकाच पोथीत त्याला फसवण्याची रीत सांगितलेली आहे. दोन्ही प्रकरणे लिहिताना सोमेश्वराचा हात अडखळला असेल असे वाटत नाही.

दुसरी नोंद एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याची. कर्नल साइक्स यांना मुंबई सरकारने दख्खनच्या सांख्यिकीय पाहणीचे काम दिले होते. त्यांनी इथल्या नद्यांतले मासे गोळा केले आणि १८३९ साली त्यांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली. नावे देताना त्यांनी पुष्कळ ठिकाणी कोळ्यांच्या तोंडचाच शब्द उचलला. म्हणून आज जगभरच्या ग्रंथांत आमचा खडस 'खुद्री' आहे, कोळशी 'कोलस' आहे, मळ्या 'मुल्ल्या' आहे, शिंगाळा 'सीन्घाला' आहे. लॅटिनच्या डबक्यात ही मराठी नावे पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ जिवंत आहेत. नद्यांत ती तितक्या निश्चिंतीने पोहत असतील असे म्हणवत नाही.

आता टेबलावरच्या मासोळीकडे. हिचा जन्म फिनलंडचा. लाउरी रापाला नावाच्या गरीब कोळ्याने १९३६ साली बुचाच्या झाडाच्या सालीचा तुकडा चाकूने तासला, कानशीसारख्या कागदाने घासला, चॉकलेटच्या चांदीने मढवला आणि वरून छायाचित्रांच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा लेप दिला. त्याला छंद करायचा नव्हता, पोट भरायचे होते. रोज शेकडो गळांना जिवंत आमिष लावण्याचे कष्ट वाचवायचे होते. तळ्यावर होडी वल्हवताना त्याने एक गोष्ट पाहिली होती. मोठा मासा छोट्यांच्या थव्यात शिरतो तेव्हा तो कोणत्याही मासोळीवर तुटून पडत नाही. थव्यात जी किंचित वाकडी पोहते, जिची चाल बिघडलेली आहे, तिलाच तो उचलतो. रापालाने ती वाकडी चाल लाकडात आणली. हनुवटीच्या जिभलीवर पाण्याचा दाब पडतो, मासोळी खाली बुडते आणि डावी-उजवीकडे हेलकावत पुढे येते. रंग, खवले, डोळा हे सगळे दुय्यम. नक्कल मासोळीची नाहीच. नक्कल आहे तिच्या जखमेची.

हे वाचले तेव्हा मला शंकुक आठवला. त्याचा मूळ ग्रंथ हरवला. तो आपल्याला भेटतो अभिनवगुप्त आणि मम्मट यांच्याकडून. रंगमंचावरच्या नटाला आपण राम समजतो ते कसे, हे सांगताना त्याने चित्रातल्या घोड्याचे उदाहरण घेतले. भिंतीवरच्या घोड्याला आपण घोडा म्हणतो. हे ज्ञान खरे नव्हे, खोटे नव्हे, संशय नव्हे, 'घोड्यासारखे काहीतरी' असे सादृश्यही नव्हे. या चारही प्रकारांहून वेगळी अशी ती प्रतीती असते. चित्रतुरगन्याय शिकवताना मी वर्गात विचारत असे, चित्रातल्या घोड्यावर बसायला कुणी धावते का? मुले हसत. आता वाटते, उलट बाजूचे उदाहरण माझ्या हाताशी होते. मासा धावतो. त्याच्यापाशी पाचवी प्रतीती नाही. त्याला आहे फक्त मिथ्या ज्ञान, आणि त्याची किंमत तो जबड्याने चुकवतो. रसिक म्हणजे ज्याला गळ लागत नाही असा मासा, अशी व्याख्या मी मनाशी करून पाहिली. तिच्यावर काही दिवस खूषही होतो.

पण ती पुरी नाही. रापालाने जे पाहिले ते आम्हा लिहिणाऱ्यांनाही ठाऊक असते, आम्ही ते बोलत नाही इतकेच. धडधाकट गाव वाचकाच्या डोळ्यांसमोरून गेले तर तो मान वळवत नाही. गाव जखमी हवे. आजी भाबडी हवी, पोर हळहळणारे हवे, आणि वाक्य बोलीत हवे. मग वाचक येतो. भुकेने येत नाही; चिडून येतो की काही आठवून येतो, कोण जाणे. दिवाळी अंकातल्या माझ्या कथेत आजी ती गाभोळी परत ओढ्यात सोडते आणि रात्री जेवत नाही. कथेवर पत्रे आली होती. एका वाचकाने लिहिले होते की ते रडले.

खरे घडले ते असे. "पोटुशी मारलीस व्हय रं?" असे म्हणून आजीने गाभोळी वाटीत काढली. कोळशीचे कालवण केले. गाभोळी तिखट-मीठ लावून तव्यावर परतली आणि मासा मी मारला होता म्हणून पहिल्यांदा माझ्या ताटात वाढली. मी खाल्ली. चव उत्तम होती. आजही जिभेवर आहे. आजीच्या बोलण्यात वाईट वाटणे होते, आणि घरात मासे आल्याचा आनंदही होता, आणि दोन्हींची तिला अडचण होत नव्हती. सोमेश्वराला होत नव्हती तशीच. अडचण मला झाली, पुष्कळ नंतर, लिहिताना. आणि मी ती जेवणाची बाजू कापून टाकून सोडवली. उरले ते हेलकावणारे वाक्य. त्याला मी कड्या लावल्या.

हे सारे मी स्वतःशी कबूल केले ते गेल्या फेब्रुवारीत, वारणेच्या काठी. विद्यार्थी सुट्टीवर आला होता. अशा तीन मासोळ्या, एक रीळ आणि दोन तुकड्यांची बारीक काठी त्याने बरोबर आणली होती. चांदोलीचे जंगल २००४ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. तिथे मासेमारी करता येत नाही. म्हणून धरणाच्या बरेच खाली, चरणच्या पुढे, काठच्या मंडळींना विचारून आम्ही उतरलो. पाणी निवळ होते. गांडूळ आणि जोंधळ्याच्या धांड्याचा तरंगता तुकडा यांच्यावर वाढलेला माझा हात. तंगूस इतका बारीक असू शकतो हेच मला नवल. त्याने शिकवले: आडवी फेक, खडकामागे पाणी वळसा घेते तिथून हळू ओढ, आणि मध्येच थांब. थांबले की मासोळी जीव गेल्यासारखी सावकाश वर तरंगू लागते. "सर, सगळं त्या थांबण्यात आहे," तो म्हणाला. मी मनात म्हटले, हे मला माहीत आहे.

तासाभराने काठी वाकली. ती ओढ शब्दांत सांगण्याच्या मोहात मी पडणार नाही. मासा सरळ खालच्या धारेकडे सुटला, रीळ किरकिरली, आणि त्या क्षणी माझ्या मनात करुणा नव्हती, शंकुक नव्हता, आजी नव्हती. दहा वर्षांचा पोर होता. खडस निघाला, असेल दीडेक किलोचा. जाड ओठ, मिशांच्या दोन जोड्या, पैशाएवढे खवले, परांना निळसर झाक. खडसाच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. एक गळ ओठात रुतला होता. दुसऱ्याचे टोक डोळ्याच्या कडेला ओरखडले होते आणि तिथून रक्ताचा बारीक धागा पाण्यात सुटत होता.

विद्यार्थ्याने गळांचे उलटे काटे आधीच पकडीने चेपून ठेवले होते, त्यामुळे ते सहज निघाले. त्याने मासा पाण्याबाहेर काढला नाही. दोन्ही हातांत सैल धरून त्याचे तोंड धारेकडे केले आणि कल्ले नीट चालू लागेपर्यंत वाट पाहिली. मासा हातात थोडा वेळ तसाच राहिला, मग शेपटीचा एक फटका देऊन गेला. "गेला, सर. काही झालं नाही त्याला." तो मनापासून बोलला. तिकडे जाणत्या गळवाल्यांची हीच रीत: पकडा आणि सोडा.

परतीच्या वाटेवर मी त्याला म्हटले, ही रीत तू ऑरेगनहून आणलीस असे समजू नकोस. ती बत्तीस शिराळ्याचीच आहे. गोरक्षनाथांच्या नावाशी जोडलेल्या आपल्या नागपंचमीला पिढ्यान्‌पिढ्या हेच होत आले. जिवंत नाग पकडायचा, मडक्यात जपायचा, पुजायचा, मिरवायचा आणि जिथून आणला तिथे नेऊन सोडायचा. नागाला मारणे पाप, पण त्याला धरण्याचा थरार पुण्याच्या खात्यावर. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या आधारे प्रकरण न्यायालयात गेले आणि जिवंत नागांची ती पूजा थांबली. २०२५ साली परंपरेच्या शिक्षणापुरते मोजके नाग पकडण्याची परवानगी केंद्राने दिली. गावाचे म्हणणे होते, आम्ही त्यांना इजा करत नाही, आम्ही त्यांच्यावर प्रेम करतो. ते खोटे नव्हते. प्रश्न एवढाच होता की हे नागाला कोण सांगणार. विद्यार्थी बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मग खाल्ला असता तर बरं झालं असतं का, सर?"

याचे उत्तर मला देता आले नाही. आजीकडे ते होते असे वाटते, पण ती वाक्यांत बोलणारी नव्हती, वाढणारी होती.

जाताना त्याने एक मासोळी मला ठेवून दिली. दुसऱ्या आठवड्यात मी पकड घेऊन तिच्या दोन्ही कड्यांतले तीनतोंडी गळ काढले आणि एकटाच मोरणेवर गेलो. फेकली, ओढली, थांबलो. बोटभर मासोळ्यांचे चार-पाच जण कुतूहलाने मागे आले. एकदा खोलातून एक लांबट सावली वर आली, मासोळीला धडकली आणि वळून गेली. काहीच घडले नाही. मला ते समाधानाचे वाटायला हवे होते. फसवणूक उरली होती, शिक्षा उरली नव्हती. शंकुकाच्या घोड्याच्या याहून जवळ मला जाता आले नसते. पण हे लिहायला बसलो आहे तर पुरते लिहावे: माझ्या हाताला ओढ हवी होती. ती सावली वळली तेव्हा मला सुटल्यासारखे वाटले नाही, चुकल्यासारखे वाटले.

परवा विद्यार्थ्याचे पत्र आले. तिकडे थंडी पडली आहे, पाऊस लागला आहे, स्टीलहेड वर यायला लागले आहेत. शेवटी त्याने विचारले आहे, 'सर, तुमची मासोळी काय म्हणते? गळ परत लावलेत का?'

लावलेले नाहीत. पण ते दोन्ही गळ मी टाकूनही दिलेले नाहीत. टेबलाच्या खणात, टाचण्यांच्या डबीत आहेत. खण उघडताना कधी कधी त्यांचा आवाज होतो.